घंटा वाजली तिथपासून

बुटात पायाला बॉल ऐकू येत नाही, असं तो म्हणायचा. त्याच्या बोलीत सांगायचं तर, "बूट घातलं की पाय मुका व्हतो. बॉल काय बोलतो त्ये ऐकूच येत न्हाई." कँपातल्या एका गोऱ्या साहेबाने खेळ पाहून खूश होऊन त्याला बूट दिले होते, खरे फुटबॉलचे, तळाला चामड्याचे गट्टू मारलेले. आठ दिवस त्याने ते नाडीने बांधून गळ्यात मिरवले. मग मढीची जत्रा आली. मढीला गाढवांचा बाजार भरतो हे आमच्या नगरकडच्या माणसाला सांगायला नको. हा चार दिवस गायब, आणि आला तो गाढवावर बसून. बूट देऊन गाढव आणलं होतं.

माझे बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, विलायती बूट होते ते!"

"काका, आये दोन मैलांवरनं डोक्यावर पानी आनती. बूट काय पानी आनतंय व्हय?"

आता याला वेडा म्हणावं की शहाणा, हे आमच्या मिशन कंपाउंडात कोणाला कधी ठरवता आलं नाही. गाढव मात्र सगळ्यांच्या परिचयाचं झालं. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी "आपण प्रार्थना करू" म्हटलं की बाहेरून ते ओरडायचं, नेमकं तेव्हाच.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याला सगळे डावऱ्या म्हणत, कारण त्याचा सगळा खेळ डाव्या पायात. तेवढं पुरे. खरं नाव आईने ठेवलेलं होतं, बायबलातलं, मोठं. एका संध्याकाळी ते नाव घेऊन दोन शब्द बोलायची वेळ आली, तेव्हा आमच्यापैकी कोणी बोललं नाही. आता कागदावर घेऊन कसलं शहाणपण?

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं शुभवर्तमानातून आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांतून झालं. त्यामुळे मी लिहिते ते बोलल्यासारखंच, आडवाटेला जात जात. सांभाळून घ्या.

तर लढाईचे दिवस होते. कँपात गोऱ्या पलटणी येत-जात होत्या. कँप आणि आमचं कंपाउंड यांच्यामध्ये मोठं मैदान, कडेने लिंबाची झाडं. कंपाउंड म्हणजे मिशनची शाळा, चर्च, सुतारकामाचा कारखाना आणि आमची चाळीसेक घरं. माझे बाबा त्या कारखान्यात मिस्त्री होते आणि मंडळीचे पंचही होते. म्हणजे कोण उपासनेला आलं नाही, कोणाच्या घरी भांडण झालं, हे पाळकसाहेबांबरोबर बसून निस्तरायचं काम त्यांच्याकडे. मी सतरा वर्षांची. डावऱ्या असेल बाविशीचा. तो आणि त्याची आई शेवगावकडच्या एका खेड्यातून दुष्काळात नगरला आलेले. बाप नव्हता. आई लोकांचं दळण दळायची, आणि हा शाळेचा शिपाई. शिपाई म्हणजे नावाचा. शाळेचे रांजण भरायचं त्याचं काम. दोन बादल्या भरायचा आणि तिसरी भरता भरता वाटेत कागदाचा बोळा नाहीतर एखादं कवठ सापडलं, की बादली जिथली तिथे आणि हा पार कँपाच्या कुंपणाशी.

त्याच्या सवयी काय सांगाव्या! मॅचच्या आधी सगळे अंग मोकळं करत असायचे, आणि हा वाकून मैदानभर सराटे वेचत फिरायचा. आमच्याकडची जमीन कोरडी, सराटे फार. ओंजळभर काटे गोळा करून नेऊन आईच्या चुलीत टाकायचा. बरं, वेचायचा ते दोन्ही बाजूंचे. कोणी म्हणालं, "अरे, त्यांच्या बाजूचे राहू दे की!" तर म्हणायचा, "हाप टायमाला बाजू बदलती. तवा त्ये काय मी खाऊ?"

थंडीत तोंडात कायम बोर. खेळताना बी गालात ठेवायचा, आणि समोरच्या गड्याला चुकवायच्या क्षणी थू करून बाजूला टाकायचा. पुढे पुढे गडी त्या बीकडे बघत राहायचे, आणि हा दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असायचा. एकदा ऐन खेळात एक शेळी मैदानात शिरली. डावऱ्या बॉल घेऊन धावत होता. शेळी समोर आली तेव्हा तिला चुकवून गेला, दहा पावलांवर थांबला, मागे आला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग पुन्हा धावला. तोपर्यंत बॉल पलटणवाल्यांनी नेऊन आमच्यावर गोल केलेला. आम्ही शिव्या घातल्या. तो म्हणाला, "गाभण हुती. दचाकली आसती."

दारूचंही सांगते, लपवत नाही. आमच्या मंडळीत दारू सोडल्याची सही करायची पद्धत होती. लाल पुठ्ठ्याची वही होती, पाळकसाहेबांच्या टेबलावर. डावऱ्याने तिच्यात तीनदा सही केली. पाळकसाहेब एकदा हसून म्हणाले होते, "ह्याची दारू सुटत नाही, पण अक्षर मात्र दर खेपेला सुधारतं." महिना महिना तो तमाशाच्या फडामागे निघून जायचा. त्या फडातल्या ढोलकीवाल्याचा हात बघून पायाला चाल सुचते, म्हणायचा. शाळेचे हेडमास्तर त्याला कामावरून काढायचे आणि मॅच जवळ आली की आमचे बाबा मध्ये पडून परत ठेवायला लावायचे. असं चाललेलं.

पण एक गोष्ट तो पाळायचा. रविवारी बॉलला पाय लावायचा नाही. आमच्या मंडळीत प्रभूचा दिवस फार कडक. चूलसुद्धा शनिवारचीच, म्हणजे भाकरी आदल्या दिवशीच्या. खेळ तर पापच. तसा डावऱ्या पापाला भिणारा नव्हता. पण लहानपणी त्याला मोठं दुखणं आलं होतं, त्यात आईने त्याला देवाच्या पायाशी घातलं आणि बरा झाल्यावर त्याच्याकडून शब्द घेतला की सहा दिवस काय करायचं ते कर, सातवा माझ्या देवाला दे. तेवढा एक शब्द त्याने आयुष्यात पाळला. रविवारी अंघोळ करून, केसांना तेल लावून, आईच्या मागे चर्चमध्ये येऊन बसायचा. पोरं बाहेर बॉल घेऊन चिडवायची, "डावऱ्या, ए डावऱ्या, पाय खाजतोय का?" तर दोन्ही पाय बाकाखाली एकमेकांवर दाबून धरायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ते आम्ही मोडलं.

त्या वर्षी थंडीत कँपातल्या ढालीच्या सामन्यांत गावची टीम पहिल्यांदाच शेवटच्या मॅचपर्यंत गेली. टीममध्ये सगळ्या जातींची पोरं होती, आमच्या कंपाउंडातला हा एकटा. समोर गोऱ्या पलटणीची टीम. मॅच शनिवारची ठरलेली. शुक्रवारी निरोप आला की पलटणीला सोमवारी हलायचा हुकूम आहे, शनिवारी सामान भरणार, मॅच रविवारी संध्याकाळी. नाहीतर ढाल त्यांची.

डावऱ्याने ऐकलं आणि म्हणाला, "मग न्हाई."

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर किती जण जमले होते म्हणून सांगू! कारखान्यातले सुतार, दोन मास्तर, आणि चर्चची घंटा वाजवणारे तात्या. रविवारी सगळे पहिल्या बाकांवर बसणारे. कोणी म्हणालं, दावीदाने नाही का भुकेला असताना पवित्र भाकरी खाल्ली? कोणी म्हणालं, हा खेळ नव्हेच, ही गावाच्या अब्रूची गोष्ट आहे. तात्या म्हणाले, "एवढे दिवस आपल्यावर राज्य करतात, तर एक दिवस त्यांना माती चारायला देव काय नाही म्हणणार आहे?"  शेवटी बाबाच उठून डावऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरा, पुढे काही झालंच, तर आम्ही आहोत ना. मंडळीत तुझ्या बाजूने पहिला मी उभा राहीन."

 डावऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी दारात बसून पट्ट्या शिवत होते. अनवाणी खेळणारी पोरं पायाला फडक्याच्या पट्ट्या गुंडाळायची. फाडलेल्या पट्टीची दशी निघते आणि पायाला काचते, म्हणून मी बाबांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून त्यांच्या कडा दुमडून शिवायचे. लाल दोरा, आणि शेवटी एक बारीक फुली. पाळकबाईंच्या शिवणाच्या वर्गात सगळ्या मुली तसाच टाका घालायच्या, फुली मात्र माझीच. मला ती आवडायची.

तो म्हणाला, "तू बी म्हनतीस, खेळ म्हून?"

मी म्हटलं, "सगळेच म्हणतायत."

"सगळं म्हंजी कोन?"

"म्हणजे आम्ही."

त्याने पट्ट्या उचलल्या, खिशात कोंबल्या आणि गेला.

रविवार आला. सकाळच्या उपासनेला सगळे हजर. संध्याकाळची उपासना सहाला, मॅच पाचला. पाचला कंपाउंड ओस पडलं. कोणी म्हणालं बहीण आजारी आहे, कोणी म्हणालं गाय सुटली. तात्यांनी घंटेची दोरी खुंटीला अडकवली आणि तेही आले. आम्ही कोणी उघड पुढे उभे नव्हतो. लिंबाच्या झाडांमागे, कुंपणाच्या खांबांमागे, भिंतीच्या आडोशाला. बाबांनी तर डोक्याला मुंडासं गुंडाळलं होतं, ओळखू येऊ नये म्हणून, आणि ते मुंडासं इतकं मोठं होतं की सगळं मैदान त्यांच्याकडेच बघत होतं. मी त्यांच्या शेजारी.

खेळाचं सगळं सांगत बसत नाही. गोरे दांडगे होते. एक-एक गोल झालेला. उन्हं उतरली होती. डावऱ्याचा अंगठा फुटला होता आणि पट्टी लाल झाली होती. शेवटची काही मिनिटं उरली असतील. डाव्या कडेला त्याच्याकडे बॉल आला, वरून, उंचावरून. त्याने तळपायाने तो असा अलगद दाबून धरला, बायका परातीत भाकरी थापताना हात ठेवतात तसा. समोर दोन गडी, त्यांच्या मागे तो उंच, तांबड्या केसांचा गोली.

आणि घंटा वाजली. चर्चची.

तात्या माझ्यापासून चार हातांवर होते. त्यांनी तोंड वासलं. घंटा वाजवतंय कोण? पाळकसाहेब स्वतः वाजवत होते.

डावऱ्या थांबला. बॉलवर पाय ठेवून नुसता उभा राहिला. मान वळवून चर्चच्या दिशेने बघत. तो असा उभा राहिला की समोरचे दोघेही उभे राहिले. त्यांना वाटलं असेल, शिट्टी झाली. सगळं मैदान थांबलं. तोंडातली बी त्याने हळूच हातावर काढून घेतली. आता हा बॉल सोडून जाणार, असं मला वाटलं. अजूनही वाटतं, की तो जाणारच होता.

तेवढ्यात आमच्या झाडाकडून हाक गेली, "मार!" मग सगळीकडून, झाडांमागून, भिंतीमागून, "मार, मार, डावऱ्या मार!" बाबांचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा.

त्याने मारला. पायाच्या बाहेरच्या अंगाने. बॉल गोलच्या खांबाबाहेर निघाल्यासारखा गेला, आणि मग काहीतरी विसरल्यासारखा आत वळला. गोली जागचा हलला नाही. नंतर त्यानेच आधी टाळ्या वाजवल्या.

गावाने त्याला खांद्यावर घेतलं. तो उतरून चालू लागला. पट्ट्यांसकट लंगडत चर्चपाशी गेला, पायरीवर बसला, पट्ट्या सोडल्या आणि आई बाहेर यायची वाट बघत राहिला. आई आत होती. त्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी अकरा म्हाताऱ्या बायकांना उपदेश केला. त्यात ती एक.

बुधवारी संध्याकाळी मंडळीची सभा. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, समोर टेबलाशी पाळकसाहेब आणि पंच. पंचांत बाबा. डावऱ्या उभा. टेबलावर एक पट्टी, रक्त वाळून काळी पडलेली. पायरीवर विसरलेली.

आमचे पाळकसाहेब दुष्ट नव्हते. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढे आम्ही सगळा दोष त्यांच्यावर ढकलला. त्यांनी डावऱ्याला रागे भरलं नाही. त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "हा एकटा गेला होता, की याला कोणी पाठवलं? कोणी बरोबर होतं का? असेल तर उभं राहावं. सगळे मिळून पश्चात्तापाची प्रार्थना करू आणि विषय संपवू." किती सोपं करून ठेवलं होतं त्यांनी.

कोणी हललं नाही. तात्या जमिनीकडे बघत होते. मास्तर चष्मा पुसत होते.

पाळकसाहेबांनी पट्टी उचलली. "ही शिलाई पुरुषाच्या हातची नाही. कोणी शिवली?"

पाळकबाई माझ्या पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांची मान ताठ झाली. मागे वळल्या नाहीत. टेबलापाशी बाबा त्या पट्टीकडे, आपल्याच धोतराच्या काठाकडे, बघत होते. मी बाबांकडे बघत होते. ते उठले तर मी उठेन, असं मी मनाशी म्हणत होते. त्यांनी काय म्हटलं मनाशी, ते मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही.

तेवढ्यात डावऱ्याच बोलला. आमच्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली त्याने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हसला थोडं. म्हणाला, "सायेब, मी एकलाच गेल्तो. पट्टी बी बाजारात घेतली. ह्ये बिचारी मानसं घरीच हुती."

येशूला ओळखत नाही म्हणाल्यावर पेत्राला निदान रडू तरी आलं होतं. आम्ही घरी गेलो आणि जेवलो. भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं, तेही लक्षात आहे माझ्या.

त्याला प्रभुभोजनातून बंद केलं. म्हणजे सगळ्यांना भाकर आणि प्याला मिळतो, तेव्हा त्याला नाही, तो मंडळीपुढे चुकलो म्हणेपर्यंत. आणि मिशनच्या शाळेत काम करायचं तर प्रभुभोजन घेणारा माणूस हवा, असा नियम. काम गेलं. बाबा म्हणाले, "दोन महिन्यांत होईल सगळं ठीक. नुसतं चुकलो म्हण." तो म्हणाला, "काका, चुकलो आयेसमोर म्हनलो. तुमच्यासमोर कशापायी म्हनू?"

बाबांनी त्यानंतर त्याच्याशी बोलणं टाळलं. आम्ही सगळ्यांनीच टाळलं. त्याच्यावर राग होता असं नव्हे. तो समोर आला की आपण कोण आहोत ते दिसायचं. मग माणूस काय करतो, ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याच खोड्या काढतो. "पहिल्यापासूनच वाया गेलेला," "तीनदा सही केलीन्, तीनदा मोडलीन्," "शेळीपायी गोल खाल्ला." शेळीची गोष्ट आम्ही कितीदा सांगितली! रविवारच्या गोलाची मात्र कोणी सांगत नव्हतं. सांगणार कसं? आम्ही घरी होतो ना.

पण सगळ्यांत वाईट पुढेच आहे. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं. भाकर बायकांच्या रांगेतून यायची. डावऱ्याच्या आईपाशी आली, की ती हात जोडून थाळी तशीच पुढे द्यायची. पहिल्यांदा पाळकबाई हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्हाला नाही बंद केलेलं." ती म्हणाली, "लेकराला न्हाई त्ये मला बी नको." तिच्यानंतर माझी जागा. थाळी तिच्या हातातून माझ्या हातात यायची. आणि मी घ्यायचे. सहा वर्षं मी ती भाकर तिच्या हातून घेतली आणि खाल्ली.

डावऱ्या पुढे कोपरगावच्या बाजूला साखर कारखान्यावर गेला, उसाच्या गाड्या खाली करायला. दारू वाढली. तिकडे कामगारांच्या पोरांना खेळायला शिकवायचा म्हणे, सराटे वेचायला लावून. नाताळला घरी यायचा, चर्चच्या पायरीवर गाढवाशेजारी बसायचा, आत यायचा नाही. मी जवळून गेले की म्हणायचा, "काय बाय, शिवन चालू हाय न्हवं?" एवढंच. टोचून नाही, खरंच विचारायचा. मी "हो" म्हणून आत निघून जायचे.

स्वातंत्र्य आलं, त्यानंतर दोन वर्षांनी तो तापाने गेला. अठ्ठाविसाव्या वर्षी. उसाच्या ट्रकमधून आणला त्याला. पाळकसाहेब थकले होते, पण कोणालाही न विचारता त्यांनी त्याला मंडळीच्या कबरस्तानात, चांगल्या जागी, माती दिली. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईच्या खोलीपुढे अंगणात प्रार्थनेला सगळे जमलो. आमच्यात पद्धत आहे, गेलेल्या माणसाविषयी ज्याला वाटेल त्याने उठून साक्ष द्यायची.

आधी कोणी उठेना. मग तात्या उठले आणि शेळीची गोष्ट सांगितली. पण या वेळी निराळी सांगितली, शेळी गाभण होती हे धरून. लोक हसले, डोळे पुसले. मग एकाने बुटांची सांगितली. मग कोणी बोराच्या बीची. बघता बघता अंगण मोकळं झालं. सहा वर्षांचं तुंबलेलं होतं ते. आणि मग तात्याच म्हणाले, "पण कँपातल्या मॅचचा तो गोल! तसा गोल काय पुन्हा बघायला मिळतोय?"

"बॉल बाहेर निघाला होता की हो, बाहेर! मी भिंतीमागून बघत होतो."

"भिंतीमागून काय दिसणार? मी कुंपणाच्या खांबाला टेकून होतो. अस्सा वळला!"

"गोली हलला नाही. मला त्याचं तोंड दिसत होतं."

बाबाही उठले. "मी तर अगदी समोर लिंबाखाली..." म्हणाले, आणि तिथेच थांबले.

पाळकसाहेब खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "म्हणजे सगळेच होतात."

 मागे गाढव ओरडलं. एरवी आम्ही हसलो असतो.

"मी दोनदा विचारलं होतं," ते म्हणाले. मग शेवटची प्रार्थना त्यांनी स्वतः न करता नुसतं "आमेन" म्हटलं आणि काठी घेऊन निघाले. पुरुष एकेक करून उठले, चपला शोधू लागले. त्या चपलांचा आवाज किती होतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मी चहाचे पेले गोळा करायला राहिले. त्याची आई भिंतीला टेकून पोत्यावर बसली होती. तिने माझा पदर धरला.

"बाय, कंचा गोल गं?"

मला वाटलं, ती टोमणा मारते आहे. पण तिच्या तोंडाकडे बघितलं, तर तसं काही नव्हतं. म्हणाली, "जिकलं येवढं बाजारात ऐकलं हुतं. कसं जिकलं त्ये कुनी सांगितलंच न्हाई. त्याला इचारलं तर म्हनायचा, गेला आये बॉल, त्याच्या मनानं. तू हुतीस का तितं?"

"होते, मावशी."

"मंग सांग की."

मी पेले खाली ठेवले आणि सांगितलं. पाच वाजल्यापासून सांगितलं. फुटलेला अंगठा, उंचावरून आलेला बॉल, तळपायाखाली दाबून धरलेला. घंटा वाजली, तो थांबला, मान वळवून चर्चकडे बघत राहिला. तोंडातली बी हातावर काढून घेतली, उपासनेत काढायचा तशी.

"चर्चकडं बगत हुता?"

"हो."

"मी आत हुते."

"हो, मावशी."

 मला वाटलं, आता बोलावं. मी म्हटलं, "मावशी, ती पट्टी माझी होती. मी शिवली होती. सभेत मी..."

"ऱ्हाऊ दे गं पट्टी," ती म्हणाली. रागाने नाही. मध्ये आलेली माशी हाकलावी तसा हात हलवला तिने. "घंटा वाजली तितनं सांग पुन्हा."

मी पुन्हा सांगितलं. घंटा वाजली, तो थांबला, त्याने बघितलं, आणि बॉल असा गेला. तिने ऐकलं आणि म्हणाली, "आनि येकदा."

तीनदा सांगितलं त्या दुपारी. तीनही वेळा घंटेवरून मी सरळ बॉलवर आले. मधली हाक गाळली. तिच्या लेकाने तिच्याकडे बघितलं, एवढंच तिला राहू दिलं. तेवढं तरी चांगलं केलं, असं स्वतःला सांगत मी इतकी वर्षं काढली. पण ते तिच्यासाठी गाळलं नव्हतं.

वर मी लिहिलंय की झाडाकडून हाक गेली आणि बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मोठा होता, हे खरं. पण पहिला नव्हता. सगळं मैदान गप्प असताना पहिल्यांदा "मार!" ओरडले ती मी. त्याने चर्चवरची नजर काढून आमच्या झाडाकडे बघितलं. बाईमाणसाचा आवाज तो एकच. त्याला ओळखू आला. मग त्याने मारला.